बेचाळीस शिंपले

चिकूची पेटी भरताना दोन फळं कमी पडली, तर शेजारच्या ढिगातली त्याच मापाची उचलून टाकायची. घोलवडात हे कुणाला शिकवावं लागत नाही. तीस वर्षं मी तेच केलं. हिरकणीच्या हातची पेटी कधी उणी गेली नाही असं लोक म्हणतात, आणि मीही ऐकून फुगते. तोच शहाणपणा मला नडला.

माझी भाची प्रगती गोव्याला समुद्राच्या तळाचा गाळ तपासते. मे महिन्यात पाय मोडून घरी आली, ती सूक्ष्मदर्शक आणि गाळाच्या बाटल्या घेऊनच. त्या गाळात रव्याच्या कणाएवढे शिंपले. वरच्या पाण्यातल्या जिवांचे वेगळे, तळाशी राहणाऱ्यांचे वेगळे. ओल्या ब्रशने एकेक टिपायचा. तिचे डोळे दुखायला लागले तेव्हा मी म्हटलं, "आण इकडे, माझी नजर अजून शाबूत आहे." प्रत्येक बाटलीतले तळाचे तीनशे हवे होते. एका बाटलीत दोनशे अठ्ठावन्नच निघाले. मी शेजारच्या बाटलीतले बेचाळीस काढून घातले, हुबेहूब तसेच, आणि गप्प बसले.

दिवाळीला ती नाचतच आली. परदेशात निबंध वाचायला बोलावणं आलं होतं. म्हटलं, "अगं, मला कळेल असं सांग तरी."

"आत्या, हिमयुगात हवेत कार्बन डायऑक्साइड फार कमी होता. कारण तो खोल समुद्रात अडकला होता. खालचं पाणी हजारो वर्षं नीट वर आलंच नाही. मग ते वर यायला लागलं, वायू हवेत सुटला आणि पृथ्वी आणखी तापली. एकाच थरातले, म्हणजे एकाच बाटलीतले, वरचे शिंपले आणि तळाचे शिंपले घ्यायचे. तळाचे वरच्यांपेक्षा जितके जुने भासतील, तितका काळ ते पाणी कोंडलेलं. एका बाटलीत तर एवढा फरक आलाय की आमचे सर खूश झाले."

"म्हणजे प्रत्येक बाटली वेगळी?"

"वेगळी म्हणजे? तिच्या शेजारची सात हजार वर्षांनी जुनी आहे."

कुठली बाटली ते मला कळलं होतं, तरी विचारलं. तीच.

तीन दिवस ते लपवलं. चौथ्या दिवशी सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडेल. ती हळूच म्हणाली, "वय काढताना शिंपले विरघळवतात, आत्या. पुन्हा तपासायला त्या थराचं आता काही उरलं नाही." मग विचारलं, "हे अजून कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग नकोच बोलूस."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी केलं ते अडाणीपणाने. ही तर सगळं कळून झाकायला निघाली होती. म्हटलं, "सरांना फोन लाव. मी बोलते."

ती फोनकडे बघत बसली. मग लावला. मी हात पुढे केला, पण तिने फोन दिला नाही. "सर, त्या थराचा आकडा काढून टाका," ती म्हणाली. "दोन बाटल्यांतले शिंपले माझ्याकडून मिसळले. परदेशचंही राहू दे." तिकडून सर बोलतच राहिले. ती नुसती "हो सर, माझीच चूक" म्हणत होती.

मी तिची बाही ओढली, सांग ना माझं नाव. तिने पाठ फिरवली.

माझं नाव शेवटपर्यंत नाही घेतलं. घेतलं असतं तर मला झोप तरी लागली असती.