पाण्यातलं टेकाड

पडद्यासमोर एवढी गर्दी झाली होती की मागच्यांना स्टुलावर चढावं लागलं. रक्त काढणारे होते, रक्त तपासणारे होते आणि रक्ताशी काडीचा संबंध नसलेले हिशेब विभागातले लोकही होते. सगळ्यांत पुढे साहेब, म्हणजे आमचे प्रयोगशाळाप्रमुख, हात मागे बांधून उभे होते.

"आता बघा," नव्या सॉफ्टवेअरचा विक्रेता म्हणाला आणि त्याने एक कळ दाबली.

पडद्यावरची थरथरणारी रेघ गपकन सरळ झाली. तिच्या मधोमध एक टेकाड उभं राहिलं, गुळगुळीत आणि देखणं. स्टुलावरून कोणीतरी "वा" म्हणालं.

आमच्या रुग्णालयात क्रोमॅटोग्राफीचं एक यंत्र आहे. रक्तात मिसळलेले पदार्थ ते एकेक करून वेगळे काढतं. औषध बाहेर पडलं की पडद्यावर टेकाड उठतं, आणि जेवढं टेकाड मोठं तेवढं रक्तात औषध जास्त. बाकीची रेघ कायम थरथरत असते. तिला आम्ही गवत म्हणतो. गवतातून टेकाड ओळखणं हे आमचं काम, आणि त्यात डोळे जातात.

"गवत ही जुनी अंधश्रद्धा आहे," विक्रेता म्हणाला. त्याचा आवाज असा मऊ होता की त्याचं नाव तिथल्या तिथे 'महाराज' पडलं. "आमचं सॉफ्टवेअर शिकतं. तुम्ही फक्त नमुना द्या आणि निश्चिंत व्हा. शंका घेणारी प्रयोगशाळा मागे राहते."

"आणि कोरं?" ताईने विचारलं.

यंत्र चालवायची ती. रोज पहिला नमुना कोरा, म्हणजे नुसत्या पाण्याचा, घालायचा अशी तिची पद्धत होती. पाण्यात काही दिसलं, तर यंत्रात खोट आहे. "कोरं घातलं का?" हा आमच्याकडे सकाळचा नमस्कारच होता.

"पाण्यात काय बघायचं, ताई?" महाराज हसले. "पाण्यात पाणी. उगाच सकाळचा वेळ वाया."

सगळे हसले. मीही हसलो, विनोद वाईट नव्हता.

तसा आधी दुसऱ्या कंपनीचा एक कंटाळवाणा माणूसही येऊन गेला होता. त्याचं म्हणणं, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्राने पाहिलेलं मूळ चित्र कोणालाच पुसता येत नाही, कोणी काय बदललं ते दिसतं, आणि घेण्याआधी तुमचे चार वाईट नमुने त्यावर चालवून बघा. "आमचे नमुने वाईट नसतात," असं म्हणून साहेबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्याच्या पडद्यावर गवत जसंच्या तसं होतं. गवतच बघायचं तर नवीन कशाला घ्यायचं?

महाराजांचं सॉफ्टवेअर आलं आणि कोरं बंद झालं. अहवाल भराभर निघू लागले. एकही नमुना पुन्हा तपासावा लागेना. साहेबांचा सत्कार झाला.

ताईचा धाकटा भाऊ सुतार होता. लहानपणापासून त्याला फिट्स यायच्या, पण गोळ्यांनी त्या कित्येक वर्षं थांबलेल्या. रक्त द्यायला आला की दारातूनच "ताई" अशी हाक मारायचा, म्हणून तर ती आम्हा सगळ्यांची ताई झाली. त्याला छातीचा आजार झाला आणि नवीन औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध फिटची गोळी अंगात टिकू देत नाही. रक्तातलं प्रमाण बघत राहू. घसरलं की डोस वाढवू."

फिट्स परत आल्या. रक्त तपासलं. प्रमाण उत्तम. परत फिट, परत तपासणी, परत उत्तम. टेकाड असं की फ्रेम करून लावावं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "औषध रक्तात आहे. म्हणजे या फिट्स मेंदूच्या नाहीत, मनाच्या आहेत. काही ताण आहे का घरात?"

बाहेर येऊन तो पायऱ्यांवर बसला. मी तिथून जात होतो.

"म्हणजे मी सोंग करतो, असंच ना?"

"तसं नाही रे," ताई म्हणाली. "रिपोर्ट मी स्वतः काढलाय. औषध आहे तुझ्या अंगात."

"तुझ्या यंत्राला विचार, फिटमध्ये दातांखाली जीभ कोणाची फाटली."

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"बरं," तो म्हणाला. "तूच काढलायस म्हणजे बरोबरच असणार."

नंतर घरात फिट आली की तो सांगेनासा झाला. सोंग म्हणतील म्हणून. एका सकाळी तो जिन्याच्या तळाशी सापडला. वरच्या पायरीवर त्याची करवत होती.

भावाचं तेरावं उरकून ताई कामावर परतली. ती सरळ यंत्रापाशी गेली. एका कुपीत शुद्ध पाणी भरलं, यंत्रात ठेवली आणि नमुन्याच्या जागी भावाचं नाव टंकलं.

"ताई, अगं..." मी म्हणालो.

"थांबा."

रेघ सरळ निघाली. ठरल्या क्षणी मधोमध टेकाड उठलं, गुळगुळीत आणि देखणं. खाली अहवाल उमटला: प्रमाण योग्य, रुग्ण औषध नियमित घेत आहे.

ती ते वाचत राहिली. मग म्हणाली, "बघा, अजून घेतोय."

कपाटातून तिने जुना पेनवाला आलेखक काढला. पूर्वी कागदाच्या पट्टीवर रेघ ओढायचा तो. त्याची तार तिने थेट यंत्राला जोडली, मध्ये सॉफ्टवेअर नाही. पाणी पुन्हा घातलं. पडद्यावर टेकाड उठलं. कागदावर पेन नुसतं थरथरत पुढे गेलं. गवत. बाकी काही नाही.

शीतपेटीत भावाचा शेवटचा नमुना शिल्लक होता. तोही चालवला. पडद्यावर तेच टेकाड. कागदावर करंगळीच्या नखाएवढा उंचवटा.

साहेबांनी महाराजांना फोन लावला. महाराज अजिबात गडबडले नाहीत. "तो दोष नाही, ती सोय आहे. औषधाचं टेकाड नीट सापडलं नाही, तर सॉफ्टवेअर आधीच्या चांगल्या नमुन्यांच्या सरासरीवरून ते भरून काढतं. उरलेलं गवत म्हणून पुसतं. ग्राहकांना स्वच्छ आलेख आवडतात."

एवढाच चमत्कार. रक्तात काय आहे ते कोणी बघतच नव्हतं. काय असावं तेवढं काढून दाखवलं जात होतं.

कंटाळवाण्या माणसाला परत बोलावलं. साहेबांनी पुष्कळ प्रश्न लिहून आणले होते. ताईने एकच विचारला, "जे नाही, त्याला तुमचं सॉफ्टवेअर 'नाही' म्हणतं का?"

"पाणी द्या," तो म्हणाला. "बघू."

वाचणाऱ्याला माझं सांगणं साधं आहे. कोणीही चमत्कार दाखवला, तो भगव्यात असो की टायमध्ये, तर आधी त्याला नुसतं पाणी द्या. ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तोच प्रश्न विचारा. तो रागावला किंवा हसला, तर उठून या. आणि एखादा माणूस सांगत असेल की मला दुखतंय, तर कागद कितीही सुंदर असो, त्या माणसाचंही ऐका.

आमच्याकडे आता रोज सकाळी पहिला नमुना कोरा असतो. ताई रेघ संपेपर्यंत उभी राहते. रेघ थरथरत पुढे जाते, मधोमध काहीच उठत नाही.

"पाण्यात पाणी," ती म्हणते आणि पुढची कुपी उचलते.