वाक्य बरोबर होतं

सणसरच्या जोतीराम तात्यांच्या घरी रोज सकाळी इंग्रजीचा तास चाले. शिकवणारी सून रोहिणी, शिकणारी नणंद श्रेया. रोहिणी भाकरी थापता थापता वाक्यं सांगायची आणि श्रेया ओट्याला टेकून ती म्हणायची. मग साडेनवाच्या एसटीनं रोहिणी बारामतीला जायची. तिथल्या एका क्लासमध्ये ती इंग्रजी शिकवत होती. तिचा नवरा शंभूराज, म्हणजे श्रेयाचा सख्खा भाऊ, तीन वर्षांपूर्वी रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून गेला होता.

श्रेयाची पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखत होती. एम्पथी हा शब्द तिथं हमखास विचारतात, असं तिला मैत्रिणींनी सांगितलं होतं.

"आय गिव्ह एम्पथी टू माय वहिनी," श्रेया म्हणाली.

"गिव्ह नाही गं. एम्पथी द्यायची वस्तू नाही, ती मनात असावी लागते. आय हॅव एम्पथी फॉर हर, असं म्हण."

"आणि मग सिंपथी?"

रोहिणीनं तव्यावरची भाकरी उलटली. "हे गेले तेव्हा गावातल्या बायका आल्या, हळहळल्या, चहा पिऊन गेल्या. ती सिंपथी. तू मात्र महिनाभर माझ्या शेजारी जेवायला बसलीस. मला घास गेला नाही की तूही ताट सारायचीस. ती एम्पथी. दुसऱ्याचं दुःख त्याच्या जागी बसून बघायचं."

श्रेयानं ते वहीत लिहून घेतलं. मुलाखतीत तिनं हीच हकिकत सांगितली. विधवा वहिनी, तिचं न शिवलेलं ताट, सगळं. नोकरी मिळाली. घरी येऊन ती रोहिणीच्या गळ्यात पडली. आपलं दुःख चार परक्या माणसांपुढं मांडलं गेलं, याचं रोहिणीला क्षणभर कसंसंच वाटलं. पण पोरीचं भलं झालं, म्हणून तिनं ते मनातून काढून टाकलं.

पुढच्या वैशाखात श्रेयाचं लग्न ठरलं. मुलगा डाळजचा, ऋषिराज. हळदीच्या दिवशी श्रेयाच्या आईनं, म्हणजे रोहिणीच्या सासूनं, द्वारकाबाईंनी, स्वतःच्या ट्रंकेतली पिवळी साडी रोहिणीच्या हातात ठेवली.

"नेस. तूच तिला शिकीवलंस. पयली हळद तुझी."

शंभूराज गेल्यापासून तिला कोणत्याच कार्यात कुणी पुढं बोलावलं नव्हतं. तिनं ती साडी नेसली.

मांडवात सवाष्णी जमल्या होत्या. रोहिणीनं वाटीत बोटं बुडवून हात पुढं केला आणि श्रेयानं मान मागं घेतली.

"वहिनी, थांबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही नको ना."

"का गं?"

"मी मानत नाही हो असलं काही. पण डाळजची माणसं आत्ता उष्टी हळद घेऊन येतील. उगाच रिस्क कशाला? पुढंमागं काही झालं, तर माझ्याच मनात राहील." मग भोवतालच्या बायकांना कळू नये म्हणून ती इंग्रजीत बोलली. "प्लीज, हॅव सम एम्पथी फॉर मी."

वाक्य बरोबर होतं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

रोहिणीनं सासूकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी मान खाली घातली. "रोहिणे, आत जा. पाव्हण्यांच्या च्याचं बघ."

गावानं दूर लोटलं असतं तर तिनं सोसलं असतं. त्याची तिला सवय होती. पण या दोघींना तिनं आपलं मानलं होतं.

"मी आत जाणार नाही, आत्या," सासूला ती आत्याच म्हणायची. "हळद लावत नाही. पण लपणारही नाही." पदराला बोटं पुसून ती मांडवातल्या पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली.

डाळजच्या बायका आल्या. ऋषिराजची चुलती मुक्ताबाई रोहिणीकडं बघत म्हणाली, "ह्या कोण?"

"माझ्या इंग्लिशच्या टीचर," श्रेया घाईघाईनं म्हणाली.

रोहिणी उठून उभी राहिली. "टीचर आहेच. पण आधी हिची वहिनी आहे. हिच्या भावाची, शंभूराजची बायको."

"अगं बाई! मग अशी लांब का बसलीस? लाव की हळद. आमी न्हाय असलं काय धरत."

श्रेयाच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. तिनं गाल पुढं केला. "या ना, वहिनी."

"आता नको, श्रेया," रोहिणी म्हणाली. "यांनी मला आज पहिल्यांदा पाहिलं, तरी बोलावलं. तू तर मला ओळखत होतीस."

लग्न लागलं. आठ दिवसांनी रोहिणीनं बारामतीजवळ जळोचीत एक खोली घेतली आणि सामान हलवलं.

पंधरवड्यानं द्वारकाबाई त्या खोलीवर आल्या. पाणी प्यायल्या.

"शिरेयावर राग धरू नगं," त्या म्हणाल्या. "ती माझ्याकडनंच शिकली."

"तुम्ही तर मला साडी दिली होती."

"दिली. पर माझी जाऊ, सारजा, तिचा नवरा गेला, त्याच साली धाकट्या दिराचं लगीन हुतं. तिला मीच धान्याच्या खोलीत बसिवलं. भाईरनं कडी घातली. शिरेया सा वर्साची हुती. काकूला का कोंडलं, म्हणून सारखी इचारायची. मी म्हनलं, असंच करायचं असतंय बाळा, न्हायतर नवरीला बाधतं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "सारजा दुसऱ्या दिशी भिगवणला भावाकडं गेली. परत आली न्हाय. कुणी आणायलाबी गेलं न्हाय."

रोहिणीचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता. तरी तिनं चपला पायात घातल्या.

"उठा, आत्या. भिगवणची गाडी अर्ध्या तासात आहे. मी सोबत येते. बोलायचं मात्र तुम्ही."

एसटीत बसल्यावर द्वारकाबाईंनी तिचा हात धरला. "आन् तिनं दारच न्हाय उघडलं तर गं?"

"तर बाहेर बसायचं," रोहिणी म्हणाली. "धान्याच्या खोलीत त्या जेवढा वेळ बसल्या होत्या, तेवढा वेळ."