पुठ्ठ्याच्या भोकांतून दिसलेली भीती

मित्रांनो, भिऊ नका. मी नुसता एक जुना, भोके पाडलेला पुठ्ठा आहे. बुऱ्हाणपूरच्या एका मराठी शाळेच्या कपाटात पडून असतो. माझा एक कोपरा कसरीने खाल्ला आहे. पण एके काळी मोठी मोठी माणसे मला पाहून घाम पुसत, हे खरे वाटेल का तुम्हाला?

माझा जन्म साड्यांच्या खोक्यातून झाला. शिक्षण खात्यातल्या दिगंबरराव नावाच्या साहेबांनी मला कापले आणि चपला शिवणाऱ्याकडून माझ्या अंगाला नेमक्या जागी गोल भोके पाडून घेतली. प्रत्येक घावाला मी दचकलो. साहेबांजवळ माणसाचे मन तपासायचे छापील प्रश्न होते. तुम्हाला कारण नसताना रडू येते का? चार लोकांत छाती धडधडते का? ज्याने त्याने आपले आपण सांगायचे, 'होय' किंवा 'नाही'च्या चौकटीत पेन्सिलीने काळी खूण करायची. मग साहेब मला त्या कागदावर असे ठेवत, की माझी भोके 'होय'च्या चौकटींवर येत. भोकांतून दिसतील तेवढ्या खुणा मोजल्या की आकडा निघे. खुणा फार दिसल्या तर त्या माणसाचे मन डळमळीत. एवढेच मला कळे. खूण का केली, ते कधी दिसत नसे.

ते राज्ये मोडून नव्याने जोडण्याचे वर्ष होते. राजधानी म्हणून नागपूर सुटले, भोपाळ आले, आणि मराठी शाळांतही हिंदीची नवी पुस्तके येणार होती. दिवाळी नुकतीच सरली होती. जुन्या शाळांतले कोणते शिक्षक नव्या यादीत घ्यायचे ते ठरत होते, आणि त्यासाठी याच शाळेत सगळ्यांना प्रश्नांपुढे बसवले. घाबरलेले मास्तर आधी ओसरीवर जमले आणि ठरवून टाकले, की कशालाही 'नाही'च म्हणायचे. खोटे बोलायची त्यांना हौस नव्हती हो. घरची चूल डोळ्यांपुढे होती.

साहेबांनी मला एकेका कागदावर ठेवले. भोके कोरी. पुन्हा कोरी. निकाल कसा स्वच्छ निघतो, म्हणून कारकून गिरधरबाबूंनी माझे कौतुक केले. मला मात्र धडकी भरली. इतकी माणसे, आणि कुणालाच कशाची भीती नाही?

मग मथुराबाईंचा कागद आला, आणि माझी भोके काळ्या खुणांनी भरून गेली.

मथुराबाई लोधीपुऱ्यात राहणाऱ्या, इथे मुलींचा वर्ग घेणाऱ्या. चातुर्मासात कुणी वांगे सोडते, कुणी कांदा-लसूण. बाईंनी त्या वर्षी इच्छापूरच्या देवीपुढे नेम धरला होता, कार्तिकी एकादशीपर्यंत खोटे बोलणार नाही.

गिरधरबाबूंनी त्यांना बोलावून कोरा कागद पुढे सरकवला. "बाई, सगळे नाही-नाही करून मोकळे झाले. तुम्हीच एक होय-होय करत बसल्या. भरून द्या ना सबके जैसा."

"एकादशी होऊ द्या, भाऊ. मग म्हणाल तसं भरते."

"लिस्ट उद्या जाते. नाव कटलं तर घरी बसाल. देवी काय तुमचा कागद वाचायला येते?"

"ती नाही वाचत. पण मला ठाऊक असतं ना," बाई हळूच म्हणाल्या. कागदाला त्यांनी हात लावला नाही.

आकडा तर निघालेला होता. आता माझ्यामुळे त्यांचे नाव जाणार, या विचाराने मी गारठलो. तेवढ्यात साहेबांनी मला उचलून बाजूला ठेवले. असे त्यांनी कधी केले नव्हते. "कशाची भीती वाटते, मथुराबाई?"

"नव्या पुस्तकांची. बाजारात बोलते मी हिंदी, पण पुस्तकातली वाचताना जीभ अडखळते. पोरी हसल्या तर हसोत. पण त्यांच्या आया म्हणतील, बाईलाच येत नाही, तर पोरगी कशाला धाडायची? घरोघरी जाऊन आणल्या आहेत मी त्या. घरी बसल्या तर?"

साहेबांनी लेखणी उचलली. मग त्यांनी यादीत बाईंच्या आकड्यापुढे लिहिले, 'प्रत्यक्ष बोललो. भीती आहे, तिला कारण आहे. शिकवण्यास योग्य.' गिरधरबाबू कुजबुजले, की वर विचारतील, आणि साहेब, तुमचीही नेमणूक अजून पक्की नाही. "विचारू देत," साहेब म्हणाले. आणि त्यांनी मला कपाटात ठेवून दिले.

ते पुन्हा आले नाहीत. बदली झाली की आणखी काही, मला कुणी सांगितले नाही. कपाट बंद झाले. अंधारात उंदीर कुरतडत, आणि मी बाईंचे काय झाले असेल याच चिंतेत असे.

एके दिवशी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. हिंदीचा धडा चालला होता. एका शब्दाशी आवाज अडला. माझा जीव गोळा झाला. आता पोरी हसतील, उठून जातील. मग कुणी चिमुरडीने तो शब्द सांगितला. "हो गं, बरोबर," बाई म्हणाल्या, आणि धडा पुढे गेला.

मित्रांनो, माझ्यासारखे पुठ्ठे उद्या तुमच्याही कागदांवर ठेवले जातील, कधी तुमच्याच हातात येतील. कुणी 'होय, मला भीती वाटते' म्हणाले, तर नुसता आकडा काढून त्याला वाटेला लावू नका. मला घडीभर बाजूला ठेवा, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कशाची?