चारही पाय जमिनीवर

मित्रांनो, आधी पाय पुसा आणि मगच ऐकायला बसा. माझ्यावरून आयुष्यभर लोक आले नि गेले, पण थांबून माझी विचारपूस कोणी केली नाही. म्हणून आज मीच बोलतो. उरुग्वे देशातल्या मेर्सेदेस गावात, एल्बिओ नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या दारात मी पडलेला असतो. लोक मला पायपुसणे म्हणतात. म्हणोत.

जन्माने मात्र मी दोरखंड आहे. तरुणपणी मालवाहू बोटी धक्क्याला बांधून ठेवायचे काम मी केले. पुढे माझे पीळ झिजले आणि बोटीवरच्या लोकांनी मला अडगळीत फेकले. एल्बिओने मला तिथून उचलून घरी आणले, माझे तुकडे केले आणि गाठीवर गाठ मारून मला हे चौकोनी रूप दिले. त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "बघा, आमच्या ह्यांनी हातानं केलंय!" दर शनिवारी ती मला अंगणात नेऊन झटकायची. ती वारली आणि मला झटकणारे कोणी उरले नाही. अंगात माती साठत गेली. एल्बिओच्या स्वतःच्या शर्टाला बटणे नव्हती, तो माझ्याकडे कधी बघणार?

बाप एकटा पडला म्हणून त्याच्या मुलीने, झुल्माने, कुत्र्याचे एक पिल्लू आणून दिले. त्याचे नाव त्रोम्पो, म्हणजे भोवरा. या घराने कुत्र्याच्या बाबतीत एवढी एकच गोष्ट पहिल्या दिवशी बरोबर केली. थोड्याच महिन्यांत तो एल्बिओच्या कमरेएवढा झाला. दार वाजले की तो माझ्यावर घसरत यायचा, मला सोबत ओढत न्यायचा आणि पाहुण्याच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय ठेवायचा. सगळे हसायचे. एल्बिओ तर वर्षभरानंतर पहिल्यांदा हसला तो यामुळेच. तिथेच सगळे बिघडले.

आता आमच्याकडची रीत ऐका. घरात शिरलेल्या माणसाने हजर असलेल्या प्रत्येकाच्या गालाला गाल लावायचा. खोलीत कितीही माणसे असोत, एकालाही वगळायचे नाही. वगळले तर तो महिनाभर तोंड फुगवून बसतो. त्रोम्पो डोळे उघडल्यापासून हेच बघत आला. दारात कोणी आला की सारे घर त्याच्या तोंडाकडे झेपावते. माणसांची तोंडे उंचावर असतात, मग त्या बिचाऱ्याने उडी मारू नये तर काय करावे? मला हे केव्हाच कळले होते. पण पायपुसण्याला विचारतो कोण!

त्यातच एल्बिओची थोरली बहीण नेलिदा बाजारात पडली आणि तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. आईमागे एल्बिओला तिनेच वाढवले होते. दर रविवारी ती यायची आणि दोघे भाऊ-बहीण माटे पीत बसायचे. माटे म्हणजे आमच्याकडचे कडू पाल्याचे गरम पेय. एकाच भांड्यातून आळीपाळीने प्यायचे असते. ती चार पायांच्या लोखंडी आधाराने चालायला लागली, तेव्हा फोनवर म्हणाली, "एल्बिओ, पुन्हा पडले तर उठायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तो तुझा भोवरा घरात आहे तोवर मी काही येत नाही बाबा."

झुल्माने बापाला बजावले, "बाबा, पुढच्या महिन्यात आत्याला मी आणणार. मिल्तोनलाही ट्रक घेऊन बोलावते. कुत्र्यानं उडी मारली, की तिथूनच मिल्तोनकडे गेला तो."

मिल्तोन हा एल्बिओच्या बायकोचा भाचा. त्याच्या मेंढ्या आहेत आणि त्याचे कुत्रे दिवसभर साखळीला असतात.  एल्बिओ त्रोम्पोच्या कानामागे खाजवत नुसता बसून राहिला.

मग जनावरांच्या दवाखान्यातली सिल्वाना शिकवायला आली. तिने सोप्या शब्दांत सांगितले, "अंगावर आला की पाठ फिरवायची. हात छातीशी घट्ट. बोलायचं नाही, बघायचं नाही, ढकलायचंसुद्धा नाही. ढकललं की त्याला तो खेळ वाटतो. चारही पाय जमिनीवर टेकले की मग काय हवे ते लाड करा. आणि हे सगळ्यांनी पाळायचं. एकानं जरी मोडलं, तरी सगळी मेहनत पाण्यात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटले, सुटलो! निघताना सिल्वानाने झुल्माच्या गालाला गाल लावला, एल्बिओच्या लावला, आणि त्रोम्पोने तिच्या खांद्यावर झेप घेतली.

"अगं, निरोप देतोय बिचारा!" म्हणून एल्बिओनेच त्याला थोपटले. मला दोन तोंडे असती तर दोन्हींनी ओरडलो असतो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. आमच्याकडे आलेल्या माणसाकडे पाठ करणे म्हणजे भांडण उकरून काढणे. त्यामुळे जो तो अर्धवट वळायचा, तेवढ्यात मान फिरवून म्हणायचा, "रागावू नको हं राजा!" आणि राजा पुन्हा छातीवर. पाववाली बाई तर आपल्याकडे पाठ केली म्हणून झुल्मावरच रुसली. सगळ्यांत बेरका शेजारचा एबेर. तो रोज दुपारी काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माटेचे भांडे घेऊन यायचा.

"एबेर, पाठ फिरव," एल्बिओ सांगायचा.

"पाठ? दोस्ताला? मी काय त्याच्याशी भांडलोय?" असे म्हणून एबेर छातीवर थाप मारायचा. "ये रे वाघा!"

आणि वाघ यायचा. त्या थर्मासकडे बघून माझा जीव दोऱ्या-दोऱ्याने तुटायचा. जे व्हायचे तेच एके दिवशी झाले. त्रोम्पोने झेप घेतली तेव्हा थर्मासचे झाकण सैल होते. कढत पाणी एल्बिओच्या हातावर सांडले, उरलेले माझ्यावर. एल्बिओ कळवळला. त्रोम्पो टेबलाखाली जाऊन थरथरत बसला.

"मीच बोलावलं म्हणून आला तो," एबेर पुटपुटला.

"मग तुम्हालाच पाठवू का मिल्तोनकडे?" झुल्मा कडाडली. "साखळी मोठी आणायला सांगते!"

त्या दिवशी हाताला पट्टी बांधून एल्बिओ माझ्यासमोर बुटक्या स्टुलावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. एबेर जायला निघाला, वाकून त्याने एल्बिओच्या गालाला गाल लावला, आणि टेबलाखालून त्रोम्पो ताडकन उभा राहिला. एल्बिओने एबेरकडे पाहिले, मग कुत्र्याकडे. "अरे," तो म्हणाला, "हा आपलंच बघून शिकलाय की!"

एवढी साधी गोष्ट कळायला त्याला हात भाजून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने फर्मान काढले. त्रोम्पो माझ्यावर शांत बसेपर्यंत या दारात कोणी कोणाला भेटायचे नाही. सगळ्यांनी पाठ करून उभे राहायचे. तो बसला की एल्बिओ स्टुलावर खाली बसून आधी त्याला भेटणार, मग माणसे एकमेकांना. गाव चिडले. थंडीचे दिवस होते. लोक दारात कुडकुडत पाठमोरे उभे राहायचे आणि शिव्या घालायचे. "घरात सुतक आहे का?" एबेर ओरडायचा. त्रोम्पो त्यांच्या पाठीवर चढला, भुंकला, गरगर फिरला, माझी एक कड चावून काढली. पण कोणी वळले नाही तेव्हा गोंधळून माझ्यावर टेकला. आज बसायचा, उद्या विसरायचा. रोज तोच राग, रोज तीच माती माझ्या अंगावर. हळूहळू मात्र तो दार वाजताच माझ्यावर येऊन बसू लागला, शेपटीने मला झाडत.

आणि तो रविवार आला. मिल्तोन आधीच येऊन ट्रकला टेकून उभा होता, हातात साखळी. झुल्माने नेलिदाला गाडीतून उतरवले. ठक ठक करत ती दारापाशी आली. किती महिन्यांनी भेटणारी बहीण! आणि एल्बिओने तिच्याकडे पाठ केली. त्याचे खांदे हलत होते.

"आयुष्यात पहिल्यांदा पाठ दाखवलीस," नेलिदा म्हणाली, "आणि तीही कुत्र्यापायी!"

त्रोम्पो माझ्यावर बसला होता. त्याची नखे माझ्या गाठींत रुतली होती, सारे अंग थरथरत होते. नेलिदा त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा विरघळला. आणि मित्रांनो, आता काय सांगू! जिने एवढे रान उठवले, त्याच बाईने आधारावरचा एक हात सोडला आणि छातीवर थाप मारली. "ये रे माझ्या सोन्या!"

"ताई! हात खाली!" एल्बिओ गर्रकन वळून ओरडला. जन्मात तो बहिणीवर ओरडला नव्हता.

त्रोम्पोने पाहिले तिच्याकडे, मग त्याच्याकडे. त्याच्या घशातून बारीक रडणे निघाले. पण तो उठला नाही. झुल्माने घाईघाईने खुर्ची आणून नेलिदाला बसवले, तेव्हा तो चारही पायांनी चालत गेला आणि तिच्या मांडीवर हनुवटी ठेवली. नेलिदाने त्याच्या कपाळाला गाल लावला. मग भावाला जवळ ओढले आणि दोघेही रडली.

मिल्तोन रिकामा ट्रक घेऊन परत निघाला. जाता जाता दारात थबकून त्याने काय करावे? छातीवर थाप मारून म्हणाला, "ये रे मर्दा, एकदा तरी!"

मित्रांनो, कुत्रा शिकला. माणसांची खात्री मला अजून देता येत नाही. तुमच्या घरी असे पोर आले, तर त्याला रागवण्याआधी तुम्ही त्याला रोज काय करून दाखवता ते बघा, आणि जे ठरवाल ते सगळे मिळून पाळा. त्या रविवारी तो उठला असता तर साखळी त्याच्याच गळ्यात पडली असती, आणि छातीवर थाप मारणारे सगळे हात मोकळेच राहिले असते.