हितसंबंध

सचिवांनी तो प्रश्न नेहमीसारखा एका दमात वाचला आणि उत्तराची वाट न बघता पान उलटलंसुद्धा. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी हात वर केला.

“माझा आहे,” त्या म्हणाल्या.

सचिवांना आधी वाटलं, त्यांना पाणी हवंय. त्यांनी ग्लास पुढे सरकवला. प्रत्येक बैठकीत, प्रत्येक विषयावर मत घेण्याआधी ते विचारत की या विषयात कोणा विश्वस्ताचा व्यक्तिगत हितसंबंध आहे का. आणि इतक्या वर्षांत कोणी कधी ‘हो’ म्हटलं नव्हतं. भिंतीला विचारावा तसा तो प्रश्न होता.

“काय आहे, बाई?”

“हितसंबंध. आमचे हे खाली आहेत.”

टेबलाभोवतीचे सगळे एकदम आपापल्या कागदांत डोकं घालून बसले. तळमजल्यावरचा शवविच्छेदन कक्ष चालू ठेवायचा की बंद करायचा, हा विषय होता. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांची मुलं तिथे माणसाचं शरीर शिकायला येत. लोकांनी मरणोत्तर दान केलेले देह तिथे जपून ठेवलेले असत, आणि गेल्या हिवाळ्यापासून त्यांत अध्यक्षबाईंचे पती होते. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. ती अशी नियमाच्या भाषेत कोणी बोलून दाखवेल, असं मात्र कोणाला वाटलं नव्हतं.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. ते विश्वस्तांमधले सर्वांत जुने, आणि बाईंच्या पतींचे शाळेपासूनचे मित्र. ते म्हणाले की वहिनी, नियम आहे तो नफा-तोट्यासाठी. कोणाचा मेहुणा कंत्राटदार असला, कोणाची जागा भाड्याने घ्यायची असली, तर. हे त्यात कुठे बसतं?

“बसतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि चष्म्याची डबी उचलून उठल्या.

आधी खजिनदारांचा हिशेब मांडून झाला होता, तो त्यांनी नीट ऐकला होता. निदान ऐकत असल्यासारख्या बसल्या होत्या. हे नवे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे. देणग्या आटल्या आहेत, खालच्या शीतगृहाची वीज आणि रसायनं परवडत नाहीत, वरच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या विकारांवर काम करणाऱ्या संशोधकांचं मानधन रखडतंय. उलट तळमजला एका तपासणी केंद्राने भाड्याने मागितलाय. मुलांना शिकायला मोठा पडदा असलेलं टेबल आणता येईल. त्यावर बोट फिरवलं की कातडी उघडते, पुन्हा फिरवलं की मिटते. त्यांनी ते कोणालाही न दुखावता सांगितलं होतं. सांगताना ते एकदाही बाईंच्या दिशेने बघत नव्हते, कारण ज्या खुर्चीवर ते बसले होते, ती आधी बाईंच्या पतींची होती; पै-पै वाचवणारे खजिनदार होते ते.

गेल्या हिवाळ्यापासून बैठकांमध्ये अध्यक्षबाईंचं असंच व्हायचं. आकडे लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू यायचे. त्यांना वाटायचं, ही इमारत म्हणजे एक संथ जहाज आहे. वर आपण सगळे दिशा ठरवत बसलोय आणि खाली, पोटात, थंड अंधारात हे डोळे मिटून पडलेत. घरीही ते दुपारी कोचावर असेच पडायचे. झोपले आहेत असं समजून कोणी काही बोलावं, तर मिटल्या डोळ्यांनी आकडा दुरुस्त करायचे.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून एक लाकडी बाक होतं. त्या तिथे बसल्या. मागे दार अलगद लागलं. समोर दुधी काचांची लांबलचक खिडकी होती आणि तिच्यातून येणाऱ्या उन्हाला कडा नव्हत्या. ते जमिनीवर पडत नव्हतं, नुसतं हवेत उभं होतं. जिन्यातून औषधांचा तो ओळखीचा, किंचित गोडसर वास वर येत होता. पूर्वी तो वास त्यांना सोसायचा नाही. आता त्या घरी गेल्यावर शोधायच्या की तो आपल्या बाहीला लागलाय का.

आत सगळ्यांची समजूत काय असणार, हे त्यांना कळत होतं. बाई बिचाऱ्या बाहेर गेल्या, कारण कक्ष चालू राहावा असं त्यांना वाटतंय आणि तसं मत देणं त्यांना प्रशस्त वाटत नाही. कोणालाही असंच वाटलं असतं. देहदानाची चळवळ त्यांनीच तर या गावात उभी केली होती. शाळांमधून, वृद्धांच्या मेळाव्यांतून त्या बोलत हिंडल्या होत्या. रडणाऱ्या मुलांना, सुनांना समजावलं होतं की माणूस गेल्यावर देह म्हणजे उतरवून ठेवलेला कोट; तो ज्याच्या उपयोगी पडेल त्याला द्यावा.

प्रस्तावात शेवटी एक ओळ होती. कक्ष बंद झाल्यास, ज्या देहांवर अजून काम सुरू झालेलं नाही, ते नातेवाइकांच्या इच्छेनुसार त्यांना परत करण्यात येतील.

यांच्यावर अजून काम सुरू झालं नव्हतं. पुढच्या सत्रात व्हायचं होतं.

ती ओळ वाचल्यापासून अध्यक्षबाईंचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. लेकीला त्यांनी ते फोनवर सांगितलं होतं. बाबांचा निर्णय लेकीला पहिल्यापासून पटला नव्हता. तिचं म्हणणं साधं होतं की मला एखादी जागा हवी, जिथे जाऊन बसता येईल. शीतगृहाच्या बाहेर कोण बसतं? मग ती म्हणाली होती, “आई, तू नुसतं मागितलंस तरी देतील गं ते.” देतील, हे बाईंनाही माहीत होतं. पण मागायचं कोणत्या तोंडानं? लोकांना ब्रह्मज्ञान सांगून आपण कोरडे पाषाण, असं झालं असतं. न मागता मिळालं तर मात्र गोष्ट वेगळी. चार शहाण्या माणसांनी आकडे बघून ठरवलं, आणि ओघानेच हे घरी आले, तर त्यात कोणाचं काय चुकलं?

म्हणूनच त्यांनी हात वर केला होता. टेबलाशी बसून राहिल्या असत्या तर बंद करण्याच्या बाजूने मत दिलं असतं, आणि त्याला कारणही अगदी चोख सापडलं असतं, वीज, मानधन, भाडं. त्याचीच त्यांना भीती वाटली.

खिडकीतलं ऊन हलकेच पिवळं होत गेलं. कुठेतरी नळ ठिबकत होता. जिन्यावरून कोणीतरी येत होतं, एकेका पायरीला थांबत, कठडा धरत. हे आले आणि नेहमीसारखे गुडघ्यांवर हात दाबत बाकावर टेकले. अंगात तपकिरी स्वेटर होता, ज्याच्या कोपराला बाईंनीच ठिगळ लावलेलं.

आत काय चाललंय, त्यांनी विचारलं.

तुमचंच, बाईंनी सांगितलं.

खर्चाची बाजू कोण मांडतंय, असं ते म्हणाले, आणि नव्या खजिनदाराचं कळल्यावर मान हलवली. माणूस बरा आहे. बाईंना त्यांना विचारायचं होतं की तुम्हाला घरी यायचंय का. इतकं सोपं होतं ते विचारणं. पण त्या स्वेटरच्या ठिगळाकडे बघत राहिल्या, तिथला एक टाका सुटला होता, आणि प्रश्न जिभेवर विरघळत गेला. हे आपल्या बुटांकडे बघत होते. बूट ओले होते, जणू दवातून चालत आले असावेत.

“बाई.”

डोळे उघडले तेव्हा शेजारी शरीररचनेच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. खालचा कक्ष त्यांच्याच ताब्यात होता. त्यांना मताधिकार नव्हता. माहिती द्यायला बोलावलं होतं, ती देऊन त्या बाहेर आल्या होत्या. डॉक्टरबाईंचे हात सतत धुऊन धुऊन कोरडे पडलेले, बोटांची टोकं फिकी. त्यांनी आत काय सांगितलं ते बाईंनी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

“देह परत मिळतील, त्या ओळीबद्दल वकीलसाहेबांनी विचारलं,” एवढंच त्या म्हणाल्या. मग बाईंकडे न बघता, अगदी हळू: “तुम्ही ती ओळ वाचली असेलच.”

अध्यक्षबाईंनी चष्म्याची डबी उघडली आणि मिटली.

डॉक्टरबाईंनी त्या डबीकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे बाईंना कळलं होतं.

दार उघडलं ते वकीलसाहेबांनी. ते स्वतः आले होते, सचिवांना न पाठवता, आणि त्यांचा चेहरा बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखा दिसत होता. त्यांनी बाईंना हाताला धरून आत नेलं. सगळे उभे होते. खजिनदारांनी आपला प्रस्ताव आपणच मागे घेतला होता. तपासणी केंद्राला तळमजल्याऐवजी ग्रंथालयाची जागा द्यायची, पुस्तकं वरच्या मजल्यावर दाटीवाटीने का होईना बसवायची, भाडं थोडं कमी येईल पण भागेल. असा मार्ग त्यांनीच सुचवला होता. शवविच्छेदन कक्ष चालू राहणार होता. एकमताने.

“वहिनी,” वकीलसाहेब म्हणाले, “आम्ही जिवंत असेपर्यंत त्याला कोण हलवतंय इथून.”

खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. सचिव खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्षबाई आपल्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. जहाज किंचित कललं आणि पुन्हा सरळ झालं.

“माझ्याकडे बघून ठरवलंत का?” त्यांनी विचारलं.

छे, छे, असं सगळे एकदम म्हणाले.

मग त्यांनी सचिवांना विचारलं की नोंदीत कारण काय घातलंय. सचिवांनी वाचलं: संस्थेच्या शैक्षणिक हेतूंचा साकल्याने विचार करून. बाईंनी मान हलवली. वाक्यात काही खोटं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं. पुढचा विषय गच्चीच्या गळतीचा होता. त्यावर वकीलसाहेब आणि खजिनदार यांच्यात चांगलीच जुंपली, आणि बाईंनी दोघांनाही आवरलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

बैठक संपल्यावर डॉक्टरबाई त्यांच्याबरोबर जिना उतरल्या. खाली कक्षाचं दोन फळ्यांचं दार बंद होतं. बाहेर मुलांचे पांढरे कोट खुंट्यांवर टांगलेले होते. एकाच्या खिशातून अर्धवट खाल्लेलं बिस्किटाचं पाकीट डोकावत होतं. आतून बोलण्याची अस्पष्ट गुणगुण येत होती, मध्येच कोणीतरी दबक्या आवाजात हसलं आणि गप्प झालं.

डॉक्टरबाई दारापाशी थांबल्या.

“पुढच्या सत्रात कोणाला घ्यायचं ते मीच ठरवते,” त्या म्हणाल्या. “त्यांना मागे ठेवता येईल. एक वर्ष, दोन वर्षं. तोवर तुमचं मन काय म्हणतं ते बघा. मला कोणी विचारणार नाही.”

अध्यक्षबाईंनी दाराला हात लावला. ते गार असेल असं त्यांना वाटलं होतं. लाकूड कोमट होतं, दुपारच्या उन्हानं.

“त्यांना ताटकळत ठेवलेलं आवडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांची पाळी येईल तेव्हाच घ्या.”

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. जाताना त्यांनी आपला कोरडा हात बाईंच्या मनगटावर क्षणभर ठेवला, नाडी बघावी तसा, आणि दार ढकलून त्या आत गेल्या.

बाहेर रस्त्यावर शाळा सुटली होती. मुलं दप्तरं आपटत, एकमेकांना ढकलत चालली होती आणि त्यांच्यामधून वाट काढताना अध्यक्षबाईंना आपण खूप लांबून, दुसऱ्याच ऋतूतून आलोय असं वाटत होतं. त्या एका झाडाखाली थांबल्या. फोन वाजत होता. कधीपासून वाजत असावा.

“काय ठरलं?” लेकीने विचारलं.

बाईंनी सांगितलं.

“सगळ्यांनी तसंच मत दिलं?”

“सगळ्यांनी.”

“आणि तू?”

“मी बाहेर होते,” त्या म्हणाल्या. मग हात वर केल्यापासूनचं सगळं त्यांनी लेकीला सांगितलं. बाकाचं सांगितलं, त्या ओळीचं सांगितलं, आणि आत बसले असते तर कोणतं मत दिलं असतं तेही सांगितलं. हे त्यांनी अजून कोणाजवळ उच्चारलं नव्हतं. ओल्या बुटांचं मात्र सांगितलं नाही.

लेक रडतेय की काय असं त्यांना वाटलं. पण आवाज आला तो वेगळाच, नाकातून हसल्यासारखा.

“बाबा असते ना,” ती म्हणाली, “तर त्यांनीही तुला बाहेरच बसवलं असतं.”

“हो,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आणि बाहेरचा पंखाही बंद केला असता.”

बोलणं संपलं होतं. फोन मात्र कोणीच ठेवला नाही.