आर्डिथच्या मुठीतली निळी चकती

मित्रांनो, मी एक जुनी निळी चकती आहे. पत्त्यांच्या डावात नोटांऐवजी टेबलावर सरकवतात ना, त्यांच्या जातीची. ओहायोतल्या एका कारखान्यात माती दाबून मला घडवलं, भाजलं आणि कडेवर पांढरे पट्टे ओढले. माझा जन्मच हिशेबासाठी झाला. पहिली काही वर्षं मी एका तळघरात जुगारी मंडळींच्या हातांतून फिरले आणि तळव्यावरून माणूस ओळखायला शिकले. खोटं बोलणाऱ्याचा तळवा कोरडा असतो. ज्याला खरोखर काहीतरी हवं असतं, त्याचाच घामेजतो.

पुढे त्या घरातलं सामान अंगणात मांडून विकलं गेलं. तेव्हा नॅन प्रुइट नावाच्या बाईंनी आम्हा चकत्यांना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यासकट उचललं. नॅनबाई विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या वेड्यांपैकी. हे वेडे दर वसंतात एका हॉटेलात जमत. लांब कानांच्या वनदेवता, झग्यातले जादूगार, कमरेला खेळण्यातलं पिस्तूल लटकवलेले अंतराळ-कप्तान. यांच्यातले काही पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत खुर्च्या गोल मांडून बसत आणि रॉकेटांची, राक्षसांची, दूरच्या ग्रहांची स्वतः रचलेली गाणी म्हणत. खोलीला क्लोरिनचा वास येई. त्या वासाची त्यांना इतकी सवय झाली होती, की बाहेर गायला बसले की सूर लागत नाही म्हणत.

त्या वर्तुळात आम्हाला मान होता. प्रत्येकाला एक चकती मिळे. गायचं असेल त्यानं ती मध्ये गालिच्यावर टाकायची आणि गायचं. स्वतःला गायचं नसेल तर चकती टाकून दुसऱ्याकडून गाणं मागायचं. सगळ्यांच्या चकत्या मध्ये पडल्याशिवाय नवी फेरी नाही. जुगारात मला टाकताना माणसं श्वास रोखत. इथे मोकळा सोडत. मला हे फार आवडलं.

माणसांचा हिशेब मी तिथेही ठेवतच होते. दुसऱ्याचं शेवटचं कडवं संपायच्या आत चकती टाकणारे कोण, स्वतःचं गाणं झालं की पाणी प्यायच्या निमित्तानं सटकणारे कोण, सगळं मला ठाऊक. व्हर्लिन स्ट्राउड हा त्यांचा दांडगा गिटारवाला. मनानं लोण्यासारखा, पण गाऊ लागला की आवरत नसे. त्याच्या गाण्याची कडवी कुणी मोजत नसे. पोटात कावळे ओरडू लागले की संपत आलं असं समजायचं.

आणि आर्डिथ. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि एकटी राहत होती. पहिल्या वर्षी मी तिच्या वाट्याला आले, ती तिच्या मुठीतच राहिले. सगळ्यांच्या चकत्या पडल्या, हिची पडेना. फेरी अडली. सगळे तिच्याकडे बघू लागले, तशी ती आणखी आखडली.

व्हर्लिननं तिची सुटका केली. "टाक गं माझ्या नावावर. मी म्हणतो काहीतरी. गाणं माझं, पुण्य तुझं!"

तिनं मला टाकलं, तो गायला, सगळे खूश झाले. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आर्डिथला निळी चकती आवडते म्हणून नॅनबाई मला आठवणीनं तिच्याच हाती ठेवत. आर्डिथची चकती म्हणजे व्हर्लिनचं गाणं, हा त्या वर्तुळाचा नियमच झाला. दयाळू माणसांनी केलेला नियम मोडणं फार अवघड असतं, मित्रांनो.

पण तिच्या मुठीत काय चाललंय ते मला कळत होतं. तळवा घामेजलेला असायचा. दुसरे गात असताना तिच्या घशात काहीतरी गुणगुणे आणि ते हाडांतून माझ्यापर्यंत पोचे. तिनं एक गाणं रचलं होतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या जहाजावर एक स्वयंपाकीण आहे. प्रत्येक ग्रहावर कुणीतरी उतरतं आणि ती त्या दिवसापासून एक ताट कमी मांडते. ते गाणं कुणीतरी ऐकावं, एवढंच आर्डिथला हवं होतं. दर वर्षी एक कडवं वाढे आणि दर वर्षी ते तसंच घरी परत जाई.

मग एका रविवारी, मेळावा उठायच्या दुपारी, तिनं मधाचा चहा घेतला, घसा साफ केला आणि मला स्वतःहून मध्ये टाकलं. फेरी अडलेली नव्हती. कुणी सांगितलंही नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

"आर्डिथची चकती!" नॅनबाई आनंदानं ओरडल्या. "ऊठ रे व्हर्लिन, तुझं गिऱ्हाईक आलं!"

व्हर्लिनच्या बोटांनी तारा छेडल्याही होत्या. "बोल आर्डिथ, काय म्हणू? राक्षसाच्या दातदुखीचं?"

तिचं उघडं तोंड तसंच राहिलं. मग म्हणाली, "हो. तेच म्हण."

सगळ्यांनी धृपद धरलं. तिनंही धरलं. मी गालिच्यावरून तिच्याकडे बघत होते. इतक्या माणसांत इतकं एकटं कुणी मी जुगारातही पाहिलं नव्हतं, आणि तिथे तर घर हरलेली माणसं बसत.

चकत्या गोळा करायला ती वाकली आणि मला तिनं स्वेटरच्या खिशात टाकलं. आठवड्याभरात नॅनबाईंचा फोन आला. "अगं, एक चकती कमी भरतेय. तुझ्याकडे नाही ना आली?"

"नाही बाई. माझ्याकडे कशी येईल?" आर्डिथ म्हणाली. तेव्हा मी तिच्या तळव्यात होते. तळवा कोरडा होता.

ते वर्ष मी तिच्या स्वयंपाकघरात काढलं. संध्याकाळी जेवण झालं की ती मला टेबलावर टाकायची आणि गाणं म्हणायची. छान म्हणायची. मी ऐकायची. पण टाळी वाजवायला हात लागतात, आणि मी पडले चकती.

वसंतात तिनं मला पर्समध्ये घातलं. माझ्या जागी नॅनबाईंनी कोटाचं एक मोठं बटण भरती केलं होतं आणि नेमकं तेच आर्डिथला मिळालं. शेवटच्या दुपारी तिनं बटण मध्ये टाकलं. व्हर्लिननं सवयीनं गिटार मांडीवर घेतली. तेवढ्यात तिनं पर्स उघडून मलाही टाकलं.

"दोन?" व्हर्लिन हसला. "दोन गाणी म्हणू?"

"नाही व्हर्लिन. एक तू गप्प बसावंस म्हणून, आणि एक माझ्या गाण्याची."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. नॅनबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अगं, ही तर हरवलेली! फोनवर नाही म्हणालीस!"

"चकती आली का, ते विचारलंस तू. का नेली, ते कुठे विचारलंस?"

व्हर्लिननं तारांवर पालथा तळवा ठेवला. आर्डिथ गायली. पहिल्या कडव्यात आवाज फाटला, तिनं पुन्हा सुरुवात केली आणि शेवटचं एकच ताट मांडेपर्यंत थांबली नाही. सामान बांधायला निम्मे लोक आधीच गेले होते. उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कुणाला सुचलंच नाही. मग व्हर्लिन म्हणाला, "इतकी वर्षं मी तुझ्या वेळात गात होतो की काय, आर्डिथ?" तिनं वाकून मला डब्यात परत ठेवलं.

पुढे दोन-तीन वसंत ती आली, गायली, मग येईनाशी झाली. वर्तुळ लहान होत गेलं. आता ही मंडळी आपापल्या घरून संगणकाच्या पडद्यासमोर बसून गातात म्हणे, आणि पडद्यातून चकती टाकता येत नाही. आमचा डबा नॅनबाईंच्या कपाटात आहे. शेजारी बटण असतं. ते बोलत नाही.

मित्रांनो, गाणी सांभाळा, वाद्यं सांभाळा, पण गप्प बसणारी माणसंही सांभाळा. त्यांच्यासाठी बोलून त्यांची सुटका करायची घाई करू नका. कुणी चकती टाकली, तर गिटार उचलण्याआधी एकदा विचारा, "तूच म्हणतेस का?" इतकी वर्षं मी त्या वर्तुळात पडत राहिले, पण हा प्रश्न मला एकदाही ऐकू आला नाही.