पिवळीचं जेवण

माझ्या सासूबाईंच्या, आवडाबाईंच्या जिभेला हाड नाही, हे साऱ्या भाट्ये गावाला ठाऊक आहे. अकरा वर्षांत माझ्याशी एक शब्द गोड बोलल्याचं आठवत नाही. मीही काही कमी नाही म्हणा.

आमची मांजरी पिवळी दोन वर्षं कानाखालच्या गाठीने सडत होती. गाठ फुटायची, वाहायची, पुन्हा भरायची. हळद झाली, कडुलिंब झाला. शेवटी मी तिला टोपलीत घालून रत्नागिरीत गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "गाठ कापायला हवी, नाहीतर पावसाळा काढायची नाही."

सासूबाई कडाडल्या. "कापताना मेली म्हंजे? मांजर मारल्याचं पाप काशीला सोन्याचं मांजर दिल्याबिगर फिटत नाय. तू देशील गो?"

"पाप माझ्या माथी. तुम्ही दोन वर्षं बघत बसलाय तशा बसा."

"मेली तर गावभर सांगेन, सुनेन मारलान म्हणून!"

"खुशाल सांगा."

डॉक्टरांनी बजावलं होतं, आदल्या रात्रीपासून पोटात काही नको. गुंगीच्या औषधाने ओकारी येते, ती घशात अडकते. मी ते घरात दोनदा मोठ्याने सांगितलं.

सकाळी खाडी ओलांडायला होडीत बसले आणि टोपलीवरचं फडकं उचललं. पिवळीच्या तोंडाला उकडलेल्या तारली माशाचा वास येत होता. माझ्या अंगाची आग झाली. माघारी फिरायला हवं होतं. पण फिरले असते तर म्हातारी दारातच हसली असती, आणि ते मला सोसणार नव्हतं.

"पोट रिकामं आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

औषधाचा बोळा नाकाशी धरला आणि थोड्याच वेळात पिवळी ओकली. डॉक्टरांनी तिला उलटी धरली, घशात बोट घातलं. काही उपयोग झाला नाही. टेबलावर पडलेल्या माशात एकही काटा नव्हता. कोणीतरी बसून सगळे वेचून काढले होते.

घरी येऊन मी टोपली सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. "तुम्ही घातलंत खायला!"

"घातलं. उपाशीपोटी घरातून कोणाक पाठवू नये. होडीवरचा गडीसुद्धा पेज पिऊन जातो."

मी तोंडाला येईल ते बोलले. वैरीण म्हटलं, खुनी म्हटलं. आरडाओरडा ऐकून शेजारची सगुणा धावत आली आणि काय झालं विचारू लागली. आता सासूबाई माझं नाव घेणार, म्हणून मी पदर खोचून उभी राहिले.

"माझ्या हातान मेली," सासूबाई म्हणाल्या. "सुनेचा काय दोष नाय."

मी खोचलेला पदर सोडला.

सोन्याचं मांजर आणायचं कुठून? म्हातारीने त्या दिवसापासून मासे सोडले. कोळणीच्या जन्माला येऊन, सत्तराव्या वर्षी. अजून आम्ही दोघी भांडतो, तशाच कडकडून. मग मी तिच्या पानात नुसती पेज आणि मीठ वाढते. ती मुकाट्याने जेवते, आणि होडीत आलेल्या त्या वासाचं मी तिला सांगत नाही.